कारकुनाची चूक, शिक्षा मात्र विधवेला!

हिंगोली शहरात रिसाला, तोफखाना, पलटण, सदर बाजार ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत या गावात होती, त्या काळाची ही खूण. छावणी उठली, घोडे गेले, तोफा गेल्या. परंतु या मातीचे सैन्याशी असलेले नाते काही तुटले नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांतून आपली पोरे सैन्यात गेली. कोणी महार रेजिमेंटमध्ये गेला, कोणी तोफखान्यात, कोणी सिग्नलमध्ये, कोणी ड्रायव्हर म्हणून. ज्यांच्या बापाच्या नावावर सातबाराच नव्हता त्यांच्यासाठी पलटण हीच जमीन होती. या भागात पाईकराव हे आडनाव आपल्या समाजात ठिकठिकाणी आढळते. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. आडनावातच शिपाईगिरी वागवणाऱ्या या समाजाच्या घरातील पत्र्याची पेटी उघडली, तर मेडलांच्या डबीखाली कापडात गुंडाळलेले एक पुस्तक हमखास सापडते. ते म्हणजे डिस्चार्ज बुक.

या डिस्चार्ज बुकाविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. सैनिक घरी परततो तेव्हा पलटण त्याच्या हाती हे पुस्तक ठेवते. त्यात त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, जन्मतारीख, भरतीची आणि सुटीची तारीख, हुद्दा, किती वर्षे किती दिवस नोकरी झाली, चारित्र्याचा शेरा, सुटीचे कारण, वैद्यकीय स्थिती आणि बायकामुलांची नावे असतात. पुढचे सारे आयुष्य या नोंदींवर चालते. पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ. यावरून निघतो. माजी सैनिकाच्या आरक्षणातून बँकेत किंवा तलाठी कार्यालयात नोकरी मागायची तर हेच पुस्तक दाखवावे लागते. महाराष्ट्रात वर्ग तीन आणि वर्ग चारच्या पदांवर माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचे दार याच पुस्तकाने उघडते. आणि सैनिकाच्या पश्चात त्याची पत्नी ही त्याची पत्नी आहे हे सरकारला कोण सांगणार? तेही हेच पुस्तक.

आता या पुस्तकातच चूक असेल तर?

चुका कशा होतात हे समजून घेण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. अठरा वर्षांचा पोरगा भरतीला उभा राहतो. समोरचा कारकून उत्तरेकडचा किंवा दक्षिणेकडचा. त्याला आपली गावे ठाऊक नाहीत, आपली तीन पदरी नावे ठाऊक नाहीत. तो पोराचे नाव आणि बापाचे नाव लिहितो आणि आडनाव सोडून देतो. 'पाईकराव'चे इंग्रजीत चार प्रकार होतात. सेनगावचे 'शेगाव' होते आणि सैनिक बसल्या जागी बुलढाणा जिल्ह्याचा होऊन जातो! पुढे लग्न होते. लग्नानंतर पहिल्या सुटीवरून परतल्यावर सैनिक बायकोचे नाव कंपनीच्या ऑफिसात सांगतो. तो घरात जे म्हणतात ते सांगतो. बायकोचे माहेरचे नाव गया, सासरी ठेवलेले नाव रमा, मतदार यादीत रमाबाई, रेशन कार्डावर रमाबाई अमुक तमुक, आणि पलटणीच्या कागदावर 'गया देवी'. आपल्याकडे 'देवी' कोणी लावत नाही, पण उत्तरेकडच्या कारकुनाला बाईचे नाव देवीशिवाय पूर्ण वाटत नाही. सैनिक हयात असेपर्यंत या 'देवी'ची कोणी विचारपूस करत नाही. पेन्शन त्याच्या नावावर येते, बँकेत तो अंगठा किंवा सही करतो, व्यवहार चालू राहतो. तो गेला की त्या दिवसापासून प्रश्न सुरू होतो.

कळमनुरी तालुक्यातील एका गावच्या अशाच एका आजींचे कागद आम्ही पाहिले. पतीने सतरा वर्षे नोकरी केली. त्यांच्या निधनानंतर मृत्यूचा दाखला घेऊन आजी पेन्शन जिथे जमा होत असे तिथे गेल्या. पी.पी.ओ.वर पत्नीचे एक नाव, आधार कार्डावर दुसरे, डिस्चार्ज बुकात तिसरे. त्यांना सांगण्यात आले की आधी सिद्ध करा, या तिन्ही बाया एकच आहेत. आजींनी विचारले, "मीच हाव ना साहेब, मंग कागदात दुसरी कोन हाय?" या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीड वर्ष लागले. त्या काळात आजी दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जात होत्या. सैनिकाच्या विधवेसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाचा कायदा आहे, पैसा मंजूर आहे, कोणी नाही म्हणत नाही. फक्त एका शब्दावरून सर्व अडून बसते. हा जो 'फक्त' आहे, त्यानेच आमच्या अनेक आया-बहिणींची म्हातारपणाची भाकर हिरावून घेतली आहे.

नावापेक्षाही एक नोंद अधिक नुकसान करते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. ती म्हणजे पत्नीची जन्मतारीख. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना जादा रक्कम देण्यास सुरुवात केली. वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ रकमेवर २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के. परंतु वय कशावरून ठरवायचे? पी.पी.ओ.वर पत्नीची जन्मतारीख नसेल तर संगणकाच्या दृष्टीने ती बाई कधीच ऐंशी वर्षांची होत नाही! किमान मूळ कुटुंब निवृत्तिवेतन ९,००० रुपये धरले तरी २० टक्क्यांचे महिन्याला १,८०० रुपये होतात, महागाई भत्ता वेगळा. पाच वर्षे ही नोंद झाली नाही तर मूळ रक्कमच १,०८,००० रुपये होते. एखाद्या भूमिहीन घराला हे पैसे म्हणजे नातवाचे कॉलेज आहे. आणि जन्मतारीख नोंदवायला गेले की दुसरे संकट उभे राहते. आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या मुलींचा जन्म कोणी लिहून ठेवला? मुलगा शाळेत गेला तर गुरुजींनी १ जून लिहिले. आमच्या मराठवाड्यात १ जूनला एवढी माणसे जन्मली आहेत की त्या दिवशी सुईणींना उसंत मिळाली नसेल. मुलगी तर शाळेतच गेली नाही. आधार काढताना समोरच्या मुलाने अंदाजाने साल विचारून १ जानेवारी टाकली. आता पलटणीच्या कागदात एक साल, आधारवर दुसरे. दोन्ही अंदाजच, पण एका अंदाजाला शिक्का आहे.

येथे कोणी म्हणेल की चुका सर्वांच्याच होतात, त्यात जातीचा प्रश्न कशाला आणता? चुका सर्वांच्याच होतात हे आम्हाला मान्य आहे. अगदी लष्करप्रमुखांच्याही होतात. जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मतारखेचा वाद वाचकांच्या स्मरणात असेल. लष्कराच्या एका शाखेत १० मे १९५० आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१ अशी नोंद होती. मुळात प्रबोधिनीत जाण्यासाठी शाळकरी वयात भरलेल्या फॉर्मवर १९५० पडले होते, तर मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१ होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना याचिका मागे घ्यावी लागली आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. साऱ्या देशाचे सैन्य ज्याच्या हुकमावर चालते त्या माणसालासुद्धा स्वतःच्या कागदातील एक अंक हलवता आला नाही. मग औंढ्याच्या विधवेने काय करावे? फरक एवढाच की जनरलसाहेबांकडे देशातील नामवंत वकील होते आणि रोज वर्तमानपत्रांत बातमी होती. आजींकडे एस.टी.चे तिकीट होते.

परंतु आपल्या समाजाच्या बाबतीत लष्करी नोंदीची चूक ही एखाद्या कारकुनाच्या डुलकीपुरती कधीच नव्हती, हे इतिहास सांगतो. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील शूरांची नावे विजयस्तंभावर कोरली गेली. 'नाक' प्रत्यय असलेली ती नावे दगडावर आहेत म्हणून टिकली. कागदावर काय झाले? १८९२ नंतर इंग्रज सरकारने लढाऊ जाती आणि बिगर-लढाऊ जाती असा भेद पक्का केला आणि महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप-आजोबा सुभेदार-जमादार होते, त्यांना सरकारी दफ्तराने सांगितले की तुम्ही लढणारे नाहीच! एका माणसाच्या पुस्तकात चुकीचा शेरा पडावा, तसा हा संपूर्ण समाजाच्या पुस्तकात पडलेला चुकीचा शेरा होता. तो पुसण्यासाठी कोण झगडले? पेन्शनर. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला आणि पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा हवाला दिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये जेजुरीच्या परिषदेतून थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो! पुढे दुसऱ्या महायुद्धात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे तो एक शेरा पुसायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. या रेजिमेंटने पुढे जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या रूपाने परमवीर चक्र मिळवले, हे ज्यांना आपण बिगर-लढाऊ ठरवले त्यांच्याविषयी त्या दफ्तराला कधी कळले असेल काय?

अमेरिकेतील काळ्या सैनिकांच्या वाट्यालाही हेच आले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये टेक्सास राज्यातील ब्राउन्सविल या गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. जवळच्या छावणीत पंचविसाव्या पायदळाचे काळे सैनिक होते. गोऱ्या गावकऱ्यांनी बोट दाखवले. खटला नाही, चौकशीत कोणाचा गुन्हा सिद्ध नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना सन्मानाविना बडतर्फ केले. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर तो डाग पडला आणि पेन्शन बुडाली. १९७२ मध्ये अमेरिकन सैन्याने ही नोंद बदलून सर्वांना सन्मानाने सेवामुक्त ठरवले. तोवर बहुतेक सारे मातीआड गेले होते. डॉर्सी विलिस नावाचे एक म्हातारे गृहस्थ मिनियापोलिस शहरात आयुष्यभर लोकांचे बूट पुसून जगले होते. त्यांना वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात तो कागद मिळाला आणि नंतर २५,००० डॉलर मिळाले. सहासष्ट वर्षांनी! १९७२ म्हणजे आपल्याकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते वर्ष. जगाच्या दोन टोकांना माणसे आपल्या नावापुढचे चुकीचे शेरे पुसून काढायला एकाच वर्षी उठली होती.

असे डाग आपल्याही सैनिकांच्या पुस्तकांत आहेत, आणि ते नावाच्या चुकीपेक्षा जड आहेत. एखाद्याला आजारपणामुळे घरी पाठवले आणि मंडळाने लिहिले की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. या एका ओळीने अपंगत्वाची पेन्शन जाते. धरमवीर सिंग हे सिग्नल कोअरमध्ये १९८५ मध्ये भरती झाले. फिट्सच्या आजारामुळे त्यांना १९९४ मध्ये सोडण्यात आले, आणि वीस टक्के अपंगत्व मान्य करूनही तीच ओळ त्यांच्या कागदावर लिहिली गेली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी सैनिक निरोगी होता, त्याच्या कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि वैद्यकीय मंडळाने कारणे लिहिली पाहिजेत. २०२३ च्या सप्टेंबरपासून केंद्राने याबाबत नवे नियम लागू केले आहेत. परंतु त्याआधी घरी परतलेल्यांनी नव्या नियमाच्या भीतीने गप्प बसू नये.

दुसरा डाग लाल शाईचा. चार लाल शेरे झाले की सैनिकाला नको असलेला म्हणून काढायचे, अशी सरसकट वहिवाट पडली होती. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ चार शेरे झाले म्हणून काढता येत नाही, आधी चौकशी हवी, सैनिकाची सेवा किती, शेरे कशाबद्दल, हे पाहिले पाहिजे. सुटीवरून दोन दिवस उशिरा पोहोचलेल्या पोराला लाल शेरा मिळतो. हिंगोलीहून सीमेवर जाणाऱ्या पोराची गाडी चुकणे हा गुन्हा असेल, तर रेल्वेचेही डिस्चार्ज बुक तपासावे लागेल.

उशिरा जाग आली तर काय? तरसेम सिंग हे १९८३ मध्ये अपंग होऊन सैन्यातून आले आणि सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले की पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो, म्हणून दावा उशिरा केला तरी हक्क जात नाही; मात्र थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे तेरा वर्षांचा पैसा गेला. वाचकांनी हा हिशेब नीट लक्षात ठेवावा.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळू. डिस्चार्ज बुकात आणि भरतीच्या कागदात धर्म आणि जात यांचीही नोंद असते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध झालो. आजोबांच्या पुस्तकात 'हिंदू महार' असे लिहिलेले पाहून काही तरुण कार्यकर्त्यांना राग येतो आणि ते म्हणतात, हे दुरुस्त करून घ्या. आमचे स्पष्ट मत आहे की आजोबांच्या जुन्या पुस्तकातील ही नोंद चुकूनही बदलू नका. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. निजामाच्या राज्यात आपल्या बापजाद्यांची शाळेत नोंद नाही, जमिनीत नाव नाही. दुसऱ्या महायुद्धात लढून १९४६ च्या सुमारास घरी आलेल्या आजोबाचे पुस्तक हा कित्येक घरांतील एकमेव स्वातंत्र्यपूर्व कागद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद यांच्या प्रकरणात म्हटलेच आहे की स्वातंत्र्यपूर्व कागदाला पुरावा म्हणून अधिक वजन द्यावे. तो कागद आपल्या धम्मदीक्षेला बाधा आणत नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा कारकुनाची चूक वेगळी आणि इतिहासाची नोंद वेगळी. नातवाच्या जात पडताळणीत उपयोगी पडणारा कागद नातवानेच रागाच्या भरात खराब करू नये. २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे धुंडाळली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले. शासनाने मनात आणले तर जुना कागद सापडतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. सैनिकांच्या विधवांसाठी असे कोणी मनात आणलेले आम्हाला अद्याप दिसले नाही.

मग दुरुस्ती करायची कशी? याचा रस्ता आहे, लांबचा असला तरी चालण्यासारखा आहे. सैनिकाची मूळ कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. लोक त्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतात. महार रेजिमेंटचे ते मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. नावाची किंवा पत्नीच्या जन्मतारखेची दुरुस्ती तिथे होते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. यांच्या प्रती, आधार आणि पॅन हे सर्व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावे. नाव बदलाच्या बाबतीत वर्तमानपत्रातील जाहिरातही मागितली जाते. रेकॉर्ड ऑफिस नोंद दुरुस्त करून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाला कळवते आणि तेथून सुधारित पी.पी.ओ. निघतो. तो हाती येईपर्यंत काम झाले असे समजू नये. सागरची दुरुस्ती झाली आणि प्रयागराजला पोहोचलीच नाही, असेही घडते. अलीकडे पेन्शन 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीवर गेली आहे. त्यामुळे बँकेच्या बाबूची मेहेरबानी कमी झाली हे खरे, परंतु संगणकाला माणूस ओळखता येत नाही. पूर्वी बँकेचा माणूस म्हणायचा, "या आजींना आम्ही वीस वर्षे पाहतो." संगणक म्हणतो, अक्षर जुळत नाही. पी.पी.ओ., आधार आणि पॅन या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे सैनिकाने स्वतः हयात असताना पाहून घ्यावे. गावातील सी.एस.सी. केंद्रावरही स्पर्शचे काम होते.

एक पदरी पेन्शन आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१४ पासून, हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे यांवरच रक्कम ठरते. म्हणून या तीन नोंदीही ताडून पाहाव्यात. आपला मूळ कागद काय सांगतो हे माहीत नसेल तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात स्वतःच्या सेवेच्या नोंदी आणि वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत मागता येते, उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेही पडत नाहीत. आणि अर्ज फेटाळला तर २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झालेले आहे. आपल्यासाठी मुंबईचे खंडपीठ. हिंगोलीहून मुंबई गाठायची म्हणजे एक रात्र जाते, वकिलाचा खर्च वेगळा. परंतु विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आपल्या विधवा भगिनी या दोन्ही कारणांनी त्यास पात्र आहेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाण्याची वाटही पुन्हा मोकळी केली आहे.

एक धोक्याची सूचना. डिस्चार्ज बुकावर स्वतःच्या पेनाने काहीही लिहू नका, खोडू नका. गावातील एखादा हुशार मुलगा 'गया'च्या पुढे 'बाई' जोडून देतो आणि चांगले करायला जाऊन घात करतो. खाडाखोड झालेल्या पुस्तकावर कोणीच विश्वास ठेवत नाही.

आमचे कार्यकर्ते जयंतीच्या मिरवणुकीसाठी महिनाभर राबतात, त्यांच्या निष्ठेविषयी आम्हाला आदर आहे. त्याच कार्यकर्त्यांनी पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर गावातील माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना पेट्या घेऊन बोलवावे. ज्या पोराला इंग्रजी वाचता येते त्याने पुस्तक वाचून मोठ्याने सांगावे. आधी पत्नीचे नाव, मग पत्नीची जन्मतारीख, मग सैनिकाचे नाव आणि आडनाव, मग सेवेची वर्षे, मग सुटीचे कारण. ज्याच्या पुस्तकात तफावत दिसेल त्याचा अर्ज तिथेच लिहावा. जिल्ह्यात समाजाचे वकील आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त सुभेदार आहेत. एका तालुक्यात दोन जाणते माणसे मिळाली तरी हे काम उभे राहते. सैनिक हयात असेल तर त्याची एक सही पुरते. तो गेल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्रे, साक्षीदार, सरपंचाचा दाखला आणि वर्षे लागतात.

आणि घाई करायला आणखी एक कारण आहे. पेन्शनपर्यंत न पोहोचता, म्हणजे पंधरा वर्षे पुरी होण्याआधी जे घरी आले, त्यांची मूळ कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे. कागद जळाल्यावर आजाराचा शेरा चुकीचा होता की बरोबर, लाल शाई कशाबद्दल होती, हे तपासायला काहीच शिल्लक राहत नाही. या शतकाच्या आरंभी, कारगिलनंतरच्या दोन-तीन वर्षांत जे असे परतले, त्यांची पंचवीस वर्षे भरली आहेत किंवा भरत आली आहेत. त्यांचे अर्ज सर्वांत आधी गेले पाहिजेत.